काटा शून्यावर

गॅरेजचं दार आर्डिसबाईंनी गुडघा लावून उघडलं.
"थंडीत हे रुसतं, असं टॉर म्हणायचा."
बिग बेल्ट डोंगरावरचा वारा आमच्या आधी आत शिरला.
आत एक बल्ब, एक तुटका स्टूल,
आणि बेंचला बोल्टांनी आवळलेली दोन यंत्रं,
लग्नात शेजारी बसवलेल्या साडूंसारखी.

निळं नवं. मुलानं नाताळात दिलेलं.
पाच खणांची चकती गरगर फिरते,
दांडा ओढला की एक काडतूस,
ओढला की अजून एक,
तासाला चारशे, खोक्यावर छापलंय.
दुसरं लोखंडी, हिरवा रंग दांड्यापाशी उडालेला,
एका वेळी एकच काम जाणणारं.
आधी पुंगळ्या दाबायच्या, सगळ्या.
मग टोप्या बसवायच्या, सगळ्यांना.
मग दारू, मग शिसं.
संध्याकाळी वीस झाली तरी पुष्कळ.

मी शाळेची बस चालवते.
पहाटे पाचला इंजिन तापवते, मग पंचेचाळीस मैल
बर्फाच्या भिंतींमधून, एकोणीस मुलं.
वर्षाला एक हरीण मारते, नशीब असेल तर एल्क.
तासाला चारशे गोळ्या मला कुणावर झाडायच्यात?

तरी हात आधी निळ्याकडेच गेला.
खोटं कशाला बोलू.
दांडा लोण्यातून आल्यासारखा खाली आला.
बाई काही बोलल्या नाहीत,
कोटाचं वरचं बटण लावलं.

"ह्याच्यावर किती भरली त्यांनी?"
"एक डबा. मग म्हणाला,
ह्यात दारू पडताना दिसत नाही मला.
जे दिसलं नाही ते मी बंदुकीत घालत नाही."

लोखंडी दांड्याचा लाकडी गोळा
एका बाजूनं झिजून चपटा झालेला,
एका तळहाताच्या मापाचा. माझ्या नव्हे.
ओढून पाहिला. खांद्याला कळलं
पुंगळी साच्यात कुठे अडते, कुठे सुटते.
निळ्यानं असलं काही सांगितलं नव्हतं.

किंमत ठरली. साचे, कॅलिपर, मापांची पुस्तकं.
"तीही ने," म्हणाल्या, "पण समासातलं वाचू नकोस.
ते त्याच्या रायफलीचं आहे."

मग तराजू.
काचेच्या पेटीत, दांडी एका अंगाला कललेली,
सरकतं वजन एका खाचेत थांबलेलं,
ऑक्टोबरपासून.
"ह्याला हात लावला नाही मी.
धूळ पुसते, ती काचेवरूनच."

खाचेतला आकडा मी वाचला नाही.
वडिलांनी पहिल्या दिवशी शिकवलं होतं,
टॉरनंही कुणाला तरी शिकवलं असेल:
दुसऱ्याच्या मापावर भरायचं नाही.
बापाच्या नाही, नवऱ्याच्या नाही,
दरवेळी काटा शून्यावर आणायचा
आणि आपलं आपण जोखायचं.

म्हटलं, "राहू दे हा. मी नवा घेईन, बॅटरीवरचा."

आर्डिसबाईंनी पेटी उघडली.
चष्मा कपाळावरून खाली ओढला.
नखानं वजन ढकललं,
एक खाच. थांबल्या.
दुसरी.
मग उरलेल्या सगळ्या, एकदम.
दांडी हलत राहिली, वर, खाली, बराच वेळ,
आणि मधल्या रेघेशी येऊन टेकली.

"बॅटरी थंडीत काहीही सांगते," त्या म्हणाल्या.
"ने."

फळीवर एक डबा होता, सतरा काडतुसं,
झाकणावर पेन्सिलीनं तारीख.
ती फोडावी लागतील, हे मी म्हटलं नाही.
दुसऱ्यानं भरलेली कुणी उडवत नाही,
हे त्यांना माझ्याआधीपासून ठाऊक.
त्यांनी डबा कोटाच्या खिशात टाकला.
खिसा एका बाजूनं ओघळला.

यंत्र पिकअपपर्यंत दोघींनी मिळून नेलं,
मध्ये दोनदा बर्फावर टेकवून.
बेंचवर आता तीन भोकं,
आणि निळं, चकचकीत, एकटं.
दिवा मालवायच्या आधी त्या मागे फिरल्या
आणि त्याच्यावर एक जुनं फडकं टाकून आल्या.