किश्तो

लाइपझिगच्या कुठल्याशा दवाखान्यातून
अकरा संगणक आले आमच्या आत-बाशीला,
बटाट्याच्या ट्रकमधून, जुन्या रजयांत गुंडाळून.
पाठीवर अजून जर्मन चिठ्ठ्या: क्ष-किरण, खोली चार.
चालू केला की प्रत्येकाचा तोच निरोप:
हे यंत्र यापुढे पात्र नाही. नवं घ्या.

नवं घ्या म्हणे.
ग्रंथालयाच्या शेगडीला कोळसा
आम्ही बादली मोजून घेतो.

बाजारात झानिबेक चोरीच्या सीड्या विकतो,
शंभर सोमला एक, वर दोन व्हायरस.
मला म्हणाला, तुझी ती सिस्टिम फुकट ना?
मग खोट असणारच.
मी काय बोलणार?
आमच्या बोलीत फुकट म्हणजे बेकेर,
आणि वाया गेलेलं तेही बेकेरच.
दुसरा एक शब्द आहे, एर्किन.
दावं सुटलेला घोडा स्वस्त की महाग
हे कुणी विचारत नाही.

आई शिरदाक करते, नमद्याचा गालिचा.
तांबडा नमदा खाली, काळा वर,
एकाच सुरीनं दोन्ही एकदम कापते.
मग काळं शिंग तांबड्याच्या खाचेत बसतं
आणि तांबडं काळ्याच्या.
एका कापात दोन गालिचे, चिंधीसुद्धा उरत नाही.
शेजारच्या बुरुलनं नक्षी मागितली
तेव्हा आईनं कागदच दिला, वर सांगितलं:
हा कोपरा मला साधला नाही, बघ तुला साधतो का.

मी म्हटलं, आई, माझं कामही असंच आहे.
ती म्हणाली, मग समजावत काय बसलायस,
लोकांच्या हातात सुरी दे.

दिली.
अकरांतले नऊ उठले.
एकातून धूर निघाला, एकाचं तोंड काळंच राहिलं;
त्यांचे अवयव बाकीच्यांच्या कामी आले.
हिशेबनीस झानिल तिसऱ्या दिवशी परत गेली.
तिचा कराचा तक्ता इथे उघडत नव्हता,
आणि ती खोटं बोलत नव्हती.
प्रिंटर अजूनही अधूनमधून रुसतो.
पण जन्मभर मेंढ्या मोजलेले आसानाली आजोबा
पडद्याला नाक लावून बसले,
रशियन कीबोर्डवर नसलेली आमची ती तीन अक्षरं
एकेक करून दाबली, पुन्हा दाबली,
आणि म्हणाले, हा आपल्याला ओळखतो.

मग आयजार्किन. सातवीतली, नाकात बोलणारी.
यंत्र निजवायच्या यादीत एक शब्द होता,
'बधिर होणे' अशा अर्थाचा,
कुणा बिचाऱ्यानं शब्दकोशातून उचललेला.
हे कुणी लिहिलं? तिनं विचारलं.
आपल्यासारख्याच कुणीतरी.
मग बदलता येईल?
येईल.
परवानगी?
मी खांदे उडवले.
तिनं लिहिलं: किश्तो.

कळप हिवाळा काढतो ती वाऱ्याआडची जागा.
बर्फ पडतं, दार लागतं,
आत सगळं होतं तसंच
वसंताची वाट बघत असतं.

तीन आठवडे काहीच नाही.
मग बिश्केकहून कुणा अनोळख्यानं परत पाठवलं:
शब्द झकास, पण शेवटचं अक्षर राहिलंय.
ती रागावली. मग अक्षर घातलं.

एप्रिलात, रस्ता मोकळा झाला त्या आठवड्यात,
तिच्या मामाचा मॉस्कोच्या गोदामातून फोन आला:
अगं, माझ्या लॅपटॉपला म्हणे किश्तोला जायचंय!
कुणी रे केलं हे, आपल्यातलंच कुणी दिसतंय.
ती काही बोलली नाही.
कान मात्र तांबडे झाले, नमद्यासारखे.

शनिवारी ग्रंथालय उघडं असतं.
बोटाएवढा पेनड्राइव्ह माझ्या खिशात आहे,
कितीही वेळा वापरा, झिजत नाही.
यंत्र उघडं आणू नका, थंडी आहे;
रजईत गुंडाळा. आधी महत्त्वाचं सगळं
दुसरीकडे उतरवून ठेवा, हे विसरू नका.
शेगडीपाशी जागा आहे.
झानिबेक, तूही ये.
तो कोपरा अजून कुणालाच साधलेला नाही.