तोंडात बर्फ

थांबव. मागे घे. अजून थोडं.
हां, तिथे.
तिसऱ्या खिडकीत, पिवळ्या टीशर्टवालीच्या मागे
अर्धा कान आणि उंच गेलेला एक हात:
ती मी.

एवढंच, आजी? ब्रिन विचारते.
एवढंच. सेकंदही पुरा नाही.
पण त्याला अख्खा दिवस लागला होता, बाई.

सिनेमात जून आहे.
आमच्याकडे फेब्रुवारी होता, मिनेसोटातला, उणे चौदा.
त्यांनी शाळेपुढचा बर्फ फावड्यांनी काढला,
मेलेल्या गवतावर हिरवा रंग फवारला,
आम्हाला अर्ध्या बाह्यांत उभं केलं
आणि प्रत्येकाच्या जिभेवर बर्फाचा खडा ठेवला.
तोंडातून वाफ दिसली
तर उन्हाळा खोटा पडतो.

त्या वर्षी खाण बंद होती.
बाप लोक दिवसाढवळ्या स्वयंपाकघरात बसून असत,
फोनकडे पाठ करून.
सिनेमावाले माणशी वीस डॉलर देत होते, वर एक सँडविच.
आमच्या बंडाच्या पैशांतून
घरात पंधरा दिवस दूध आलं.

हिरो सव्वीस वर्षांचा, दिवसातून दोनदा दाढी करायचा.
तो टेबलावर चढून ओरडला
की आम्ही वह्या फाडायच्या,
खिडकीतून कागद उधळायचे,
दार ढकलून बाहेर. मोकळे!
कट.

मग आर्वो माकी यायचा, पोतं घेऊन.
खाणीत एकवीस वर्षं काढलेला माणूस,
आता शाळेचा झाडूवाला.
वाकून एकेक कागद उचलायचा, झटकायचा,
मांडीवर सरळ करून आमच्या हातात परत.
पुन्हा उधळायला.
सात वेळा.

त्याची लॉर्ना माझ्या शेजारीच उभी होती.
तिने बापाकडे बघितलं नाही, बापाने तिच्याकडे.
फक्त तिला कागद देताना
त्याने हातमोजा काढला.

आठवा टेक सिनेमात आहे.
आता एकेक फ्रेम पुढे ने.
सगळे हात वर, हवेत कागदच कागद,
या जागी लोक अजून रडतात.
आणि ही बघ, एक मूठ.
खाली. मिटलेली.
दिग्दर्शकाच्याही लक्षात आलं नाही.
वीस डॉलर तिलाही मिळाले.

लोक मूग गिळतात, आम्ही बर्फ गिळला.
मी आठही वेळा उधळले. चांगले उंच.

दर उन्हाळ्यात येतात कुणीकुणी,
माझ्याच वयाचे, ओहायोचे, टेक्ससचे, टक्कल पडलेले,
शाळेच्या पायऱ्यांवर बसून फोटो काढतात,
मग माझ्या दुकानात कॉफी पिताना म्हणतात,
काय दिवस होते ते!
मी हो म्हणते. अगदीच खोटं नसतं.
मलाही आठवतो तो जून,
गवताला रंगाचा वास येणारा.
खरा जून आला तेव्हा
माकींच्या अंगणात ‘विकणे आहे’ची पाटी होती
आणि लॉर्ना डुलुथला गेली म्हणे,
किंवा त्याच्याही पुढे.
मी विचारलं नाही कुणाला.

ब्रिन पडद्याला नाक लावून बसली आहे.
आजी, ती मूठवाली...
तिच्या तोंडातून धूर येतोय.

कुठे?

चष्मा लावते. खरंच की.
भर उन्हात, ओठांशी, एवढीशी वाफ.
काहीतरी बोलते आहे.

चाळीस वर्षं
मी माझाच अर्धा कान बघत होते.