दोन फूट

हामादा साडेतीन फुटांवरून आला होता,
मी दोन फुटांवरचा.
हे एकमेकांना पटवायला
घोसीपुऱ्याच्या जुन्या फाटकापाशी
त्याला खिशातली मोजपट्टी काढावी लागली.

रूळ उचलून नेलेत.
खडी आहे, खडीत बाभळीची रोपं,
आणि पानवाल्यानं टपरीला पायरी म्हणून
ओढून आणलेला एक स्लीपर.
त्यावरच्या खिळ्यांच्या भोकांना त्यानं पट्टी लावली.
मग पट्टी तशीच आडवी उचलून
माझ्या खांद्यांना.
रुळांत नि माझ्यात जेमतेम सहा इंचांचा फरक निघाला.
छत्तीस वर्षं गार्ड होतो,
कुणी मोजलं नव्हतं.

आमच्या मधे फोन होता.
तो बोले, फोन ऐके, फोन हिंदीत बोले,
मी मनातल्या मनात मराठीत घेई.
पवळे म्हणता येईना त्याला. पावारे म्हणे.
म्हटलं चालेल, लष्करात तेही घर आहे.

त्याची लाइन सरकारची नाही. कंपनीची.
कंपनी म्हणजे एकोणीस माणसं, दोन डबे,
शेवटच्या स्टेशनापुढे समुद्र.
एका वर्षी चाकं तासायला पैसे नव्हते
तेव्हा हिशेबातल्या बायकांनी मुळ्याचं लोणचं घातलं
आणि तिकिटाच्या खिडकीतून विकलं.
तिकिटांपेक्षा लोणचं जास्त खपलं.
त्या वर्षी गाडी मुळ्यानं ओढली, म्हणाला,
निदान फोन तसं म्हणाला.

आमचीही खाजगीच होती एके काळी, मी सांगितलं,
महाराजांची.
आजोबांच्या पगारावर दरबारचा शिक्का.
पुढे ती सगळ्यांची झाली
आणि सगळे छतावर बसले.
वर चढून मी कधी तिकीट मागितलं नाही.
वर माझे साडू असायचे.

गजक विकता आली असती आम्हाला.
मुरैन्याची, हिवाळ्यात, खिडकीतून.
सुचलं नाही.
सुचलं असतं तरी तो कागद
कुठल्या टेबलावर नेऊन ठेवणार होतो?

मोठी लाइन येतेय. मी विरोधात नाही.
नात श्योपुरात नर्स आहे.
आमच्या गाडीनं तिला अकरा तास लागत,
त्यात सबलगढला इंजिन रुसलं तर रात्र.
हे सगळं मी त्याला सांगितलं,
म्हणजे उगाच रडगाणं नको.

त्यानं स्टेशनं विचारली.
मोतीझील, मिलावली, बामोर गाव, अंबिकेश्वर,
ठारा, सुमावली, जौरा...
फोननं मोतीझीलचं काहीतरी केलं,
हामादा मान हलवून आसपास तळं शोधू लागला.
मिलावलीला फोन अडकला.
मी थांबलो नाही,
कैलारस घेतलं, सेमई घेतलं,
पाठ होतं ते सगळं त्याच्या ताब्यात देऊन टाकलं.

तेव्हा त्यानं खिशातून पांढरे हातमोजे काढले.
बोटं एकेक करून आत घातली, घाई न करता.
ताठ उभा राहिला
आणि जिथे आमचा सिग्नल असायचा
(मी दाखवला नव्हता, शपथ, त्यालाच कळलं)
तिथल्या रिकाम्या उजेडाकडे बोट रोखून
मोठ्यानं एक शब्द उच्चारला.
फोन जरा विचारात पडला.
म्हणाला, जारी है.

माझा हात वर गेला.
झेंडी कुठली असणार,
हातात बँकेची पिशवी, पासबुकाची. निळी.
निळ्याला आमच्या नियमांत काही अर्थ नाही.
तरी हलवली,
डोक्यावरून, शिस्तीत, डाव्या बाजूनं,
शेवटचा डबा वळणाआड जाईपर्यंत हलवायची असते तशी.

फाटकात एक मोटरसायकलवाला थांबला.
मागे बाई, बाईच्या मांडीवर कुकर.
डावीकडे पाहिलं त्यानं, उजवीकडे पाहिलं,
पाय टेकून बसून राहिला.
जा म्हणायला हवं होतं कुणीतरी.