अर्धी टेकडी

पाच महिन्यांनी बूट काढले माळ्यावरून.
एकाला लेस नव्हती.
तिनं खुळखुळा टांगलाय पाळण्यावर.
मग जुन्या झबल्याचा बंद ओवला, पिवळा.

सुश्रुत म्हणाला, जा, मी आहे ना.
मी जिना उतरले कठडा धरून,
चोरून निघाल्यासारखी.

पूर्वी तळजाई धावत,
वर घड्याळाशी भांडण.
आज दुसऱ्याच वळणावर
टाक्यांची जागा ओढली गेली, गुडघे बोलायला लागले.
काठी टेकत एका आजोबांनी मला मागं टाकलं,
वर विचारलं, "बऱ्याच दिवसांनी?"

बाकावर बसले.
पिशवीत आईनं कोंबलेला अळिवाचा लाडू.
कालच तिला बजावलं होतं, आता लाडू बंद.
खाल्ला. अख्खा.

झाडीत मोर ओरडला
आणि मला वाटलं, निहिरा!
पान्हा फुटला, कुर्ता भिजला,
मोराला काय त्याचं.
ओढणी पुढे ओढून उतरले
अर्ध्यातूनच.

घरी ती गाढ झोपलेली,
मूठ बापाच्या बनियनमध्ये.

बूट माळ्यावर नाही ठेवले.
दाराशीच आहेत, चपलांच्या गर्दीत,
पिवळा बंद बाहेर लोंबतोय.