एकरी दर

निविदेत एवढंच होतं:
मोहोळ तालुका, एकशे अठरा एकर,
काटेरी झुडपे काढून जमीन मोकळी करणे.
झुडपे!
गाडीतून उतरले तर
झुडपांची सावली गाडीच्या टपावरून पलीकडे पडलेली.

वेडी बाभूळ.
शेळ्यांच्या पोटातून गावोगाव जाते,
वरून कापली तर खालून चार फांद्यांनी परत येते.
बुंधा ठेवायचा की मुळासकट काढायचा,
यावर निविदा गप्प.
गप्प निविदेत एकरी पाच हजारांचा फरक असतो.

चिंचोळी एमआयडीसीत, पत्र्याच्या शेडमध्ये,
डीलरनं दोन ड्रम उघडून दाखवले.
एकाला फिक्स दात, कार्बाइडचे.
"खोड लोण्यासारखं जातं, मॅडम."
दुसऱ्याला झुलते हातोडे:
दगड लागला की मागे सरतात,
काम हळू होतं, पण ड्रम वाचतो.
मी दोन्ही हात लावून पाहिले, ग्रीस पुसलं,
आणि म्हटलं, आधी जमिनीला विचारून येते.

जमिनीच्या वतीनं जानू वाघमारे बोलला.
पाच हंगाम तिथं कोळशाची भट्टी लावणारा,
बायको, दोन पोरं, प्लास्टिकचं छप्पर.
"हितं मुरूम, हितं काळी. त्या अंगाला दगडी बांध पुरलाय,
तुमचं मशीन ओरडंल.
आणि जिथं बाभूळ लईच हिरवी दिसती ना, तिकडं नका जाऊ.
खाली विहीर हाय. कठडा नाय. माझी शेळी गेली तिच्यात."

मी तिथपर्यंत पावलं मोजली: भट्टीपासून चाळीस.
खाली वाकून ढेकूळ टाकलं.
आवाज यायला जरा वेळ लागला.

"सगळं साफ झालं की तू कुठं जाणार?"
"बाभूळ काय, कुटंबी हाय."

रात्री विजापूर रोडच्या घरी मैनुद्दीनबरोबर हिशोब मांडला.
नव्वद एचपी, तासाला अकरा लिटर,
झुलते हातोडे, कारण बांध;
मुळांसाठी पोकलेन वेगळा,
लो-बेडचं भाडं, मैनुद्दीनचा भत्ता,
विहिरीभोवती खुणेचे दगड आणि दोन दिवस हातानं तोड.
"विहीर कुठल्या रकान्यात टाकू?" त्यानं विचारलं.
रकाना नव्हता. मी ती डिझेलमध्ये घातली.

गुरुसिद्ध, आमचा हिशोबनीस, फोनवर हसला:
"ताई, अकरा टाका. मुळं कोण उकरून बघतंय?
फुटवा यायच्या आत बिल निघतंय की."
मी तेरा हजार नऊशे टाकले.
तीनला पोर्टल बंद होणार होतं,
दोन सत्तावन्नला डोंगलनं पिन मागितला,
आणि लाइट गेली, आणि आली.

टेंभुर्णीचे धायगुडे, दहा हजार आठशे.
आमचा तिसरा नंबर.
अनामत परत यायला सात आठवडे लागले.
मधे मी बार्शीकडे बागेचं छोटं काम केलं,
बोरीची जुनी झाडं, एकरी दर बरा.

फेब्रुवारीत अनोळखी नंबर.
"नमस्कार, धायगुडे बोलतोय. तुम्ही ती साइट फिरून बघितली होती म्हणे?"
मागे ड्रमची शिट्टी, लोखंड दगडाला घासल्याची.
"दात कुठले लावलेत?"
"फिक्स."
"मग बांध लागलाय तुम्हाला. मशीन थांबवा.
आता समोर बघा, सगळ्यात हिरवी बाभूळ कुठं दिसते?"
थोडा वेळ तो बोलला नाही.
"ड्रायव्हर तिकडंच वळवतोय की!"
"उतरवा त्याला खाली."

शिट्टी बंद झाली.
मग त्यानं विचारलं, विहीर नेमकी कुठं धरायची.
म्हटलं, जानूच्या भट्टीपासून चाळीस पावलं.
"जानू कोण? इथं भट्टीबिट्टी काही नाही, ताई.
पहिल्याच दिवशी सपाट केली."

मी वही उघडली.
माझी चाळीस पावलं होती तिथं,
पण कुठून मोजायची,
ते मी लिहिलं नव्हतं.