दहापर्यंत

तयारीच्या खोलीच्या दारावर शिरसाट मॅडमनी
स्वतःच्या अक्षरात पाटी लावलेली :
चपला आणि अंदाज
बाहेर काढून ठेवावेत.
गाव पुणे. कोणी हसलं नाही.

"दहा घालायचं नाही गं, दहापर्यंत भरायचं."
पहिल्या वर्षी हे इतकं ऐकलं
की परतीच्या बसमध्ये झोपेत दहा, दहा पुटपुटले
आणि कंडक्टरनं दहाचं तिकीट फाडलं.

आता पहाटेचे तीन.
खिडकीतून स्टेशनवरची घोषणा येते,
कुठलीशी गाडी उशिरा धावते आहे.
पाळणा अकरा. नाव अजून ठेवलेलं नाही,
मनगटावरच्या चिकटपट्टीवर : बेबी ऑफ झरिना मुजावर.
वजन दोन किलो. ऑर्डर तीस मिलिग्रॅमची.
कुपीत पाचशे, दोन मिलीत.
म्हणजे हिच्या वाट्याचं औषध
सुईच्या तोंडाशीच संपणार,
इतक्या बारीक रेघा सिरिंजवर कुणी काढत नाही.

म्हणून पाणी.

दोन ओढले. मग आठ. दहापर्यंत.
दहा घातले असते तर झाले असते बारा,
आणि पाच मिलिग्रॅम
हिच्या हिश्शातून निघून गेले असते.
रडणं नाही, निळं पडणं नाही,
नुसतं कमी.

लतिका माझ्याकडे पाठ करून
वेगळ्या कागदावर मांडते.
मिलीला पन्नास. हिला पॉइंट सहा.
"आधी शून्य लिही," ती म्हणते,
"टिंबाला एकटं सोडू नये."
मी शून्य लिहिते. दोघींच्या सह्या.
सहाच्या रेघेवर काळं रबर थांबवते.

काचेपलीकडे बाप, रंगारी.
नखांत पिस्ता रंग, कुणाच्या तरी नव्या फ्लॅटचा.
"एवढंसंच?"
एवढंच.
"आम्हीपण थिनर घालतो, सिस्टर. हात बसलाय.
बाकीचं काय करता?"
बाकीचं नऊ पूर्णांक चार. टाकतो.
तो काही बोलत नाही.
कुपीची किंमत त्याला माहीत आहे,
खाली मेडिकलमधून त्यानंच आणली.

औषध हळूहळू आत जातं.
मुलगी जांभई देते, पूर्ण तोंड उघडून,
दोन किलोंना परवडणार नाही एवढी मोठी.

"अंदाजे किती दिवस लागतील?"
मी दाराबाहेर ठेवलेला शोधायला गेले.
तिथं नुसत्या चपला होत्या.