बाय कोण?

नववी ब. जेवणाच्या सुट्टीनंतरचा तास.
धड्यात अमेरिका: गुडघाभर बर्फ, एक म्हातारा
झाडाला भोक पाडून थेंब थेंब रस काढतो,
दिवसभर उकळतो. मेपल सिरप.
मी फळ्यावर मेपलचं पान काढलं,
ते पपईचं झालं.

मागच्या बाकावरून वैभवी चुयेकर,
जूनपासून 'यस मॅडम'पलीकडे न गेलेली:
"काकवीच की ओ ही."
आणि मग थांबेचना.
काहील उतू जायला लागली की काय करायचं,
भेंडीचं पाणी कधी मारायचं,
मळी काढताना मनगटावर उडालेलं
कसं कातडं घेऊनच सुटतं.
कुणी हसलं नाही.
बर्फातला म्हातारा बघता बघता वडणग्याचा झाला.

पण पोर्शन राहिला होता.
मी पान पुसलं, पॅसिव्ह व्हॉइस लिहिलं:
रस उकळला जातो.
कर्ता महत्त्वाचा नसेल तर 'बाय' गाळावा.
दोन मार्काला हमखास.

"गाळावा म्हंजे?" ती अजून उभीच.
"कोन उकळतंय, ते लिवायचंच न्हाई?"

बाहेरून उसाची ट्रॉली गेली, टेपसकट.
मी म्हटलं, बस खाली.

आता रात्री वह्या तपासतेय.
दहाच्या दहा वाक्यांना तिनं शेपूट लावलंय.
पत्र लिहिलं गेलं, बाय माय फादर.
पूल बांधला गेला, बाय माय फादर.
चंद्रावर पाऊल ठेवलं गेलं,
बाय माय फादर.

लाल पेन उघडून बसलेय मघापासून.
व्याकरण कुठंच मोडलेलं नाही.